राबाची जागा

राबाला आग लावायचा मान मला पहिल्यांदा मिळाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. साल १९६७. मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या पायथ्याला आमचं गाव. शिमगा होऊन गेला होता. बाबांनी पहाटे उठवलं, चुलीतला पेटता टेंभा हातात दिला आणि आम्ही खाचराच्या वरच्या कोपऱ्याकडे निघालो. वारा घाटावरून खाली येत होता. मी सरळ जवळच्या कडेला टेंभा टेकवायला गेलो तर बाबांनी मनगट धरलं. “वाऱ्याच्या पाठीनं लावलीस तर नुसता भडका होईल. खालच्या अंगाला चल. आग वाऱ्याच्या तोंडावर चालली पाहिजे, तेव्हा माती भाजते.”

आग खालच्या कडेनं लागली आणि वाऱ्याला सामोरी, इंचाइंचानं वर सरकत गेली. ज्वाळा जवळजवळ नव्हतीच. वर मातीचा थर होता, त्याच्या फटींतून धूर निघायचा आणि आत लालभडक धुमसायचं. बाबा लांब बांबूनं कुठे माती ओढत होते, कुठे ढकलत होते. ऊन वर आलं तरी राब धुमसतच होता. “माती भाजते” हे त्यांचं वाक्य मला पुढे पंचवीस वर्षांनी कळलं. मधल्या काळात मी कृषी सहायक होऊन, लोकांनी राब भाजू नये म्हणून गावोगाव सांगत फिरलो.

राब ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर भाताचं रोप ज्या तुकड्यात करतात, तो तुकडा पावसाआधी भाजून घ्यायचा ही जुनी रीत. दक्षिणेकडे याला भाजावळ म्हणतात, आमच्याकडे राब. खाचराच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी जागा त्यासाठी लागते. आमचं तीन एकर खाचर, त्याला बारा गुंठ्यांचा राब. खाली शेणाचा थर, त्यावर कवळ, म्हणजे झाडांच्या तोडून वाळवलेल्या पानाफांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यांच्या वर बारीक मातीचं पांघरूण. ते पांघरूण नसेल तर सगळं भुर्रकन जळून जातं आणि जमीन थंडच राहते. पहिला पाऊस पडला की हलकी नांगरट करून त्याच जागी भात पेरायचं. हळव्या भाताचं रोप वीस-एकवीस दिवसांत तयार, गरव्याला आणखी थोडे दिवस. मग उपटून, मुठी बांधून, चिखल केलेल्या खाचरात आवणी, म्हणजे लावणी.

कवळ तोडायचं काम मार्गशीर्ष-पौषात. पान जून झालेलं असतं, पण गळायला लागलेलं नसतं, असा तो नेमका काळ. बाबा कोयता कमरेला खोचून ऐनावर चढत, शेंडा राखून बाकीच्या फांद्या उतरवत. ऐन, किंजळ, जे मिळेल ते. भारे बांधून घरी आणायचं काम बायकांचं. आईच्या आणि आत्याच्या डोक्यावरून दर हंगामाला दीड-दोनशे भारे यायचे. सुरुवातीला गावामागच्या वरकसातून, म्हणजे खाचरावरच्या माळ-उताराच्या जमिनीतून, मी मोठा होत गेलो तसे पुढच्या टेकडीवरून, आणि मी नोकरीला लागलो त्या सुमाराला दोन टेकड्या ओलांडून. मॅट्रिकच्या वर्षी मी वरकसाकडे पाहिलं तेव्हा ऐनाची झाडं खांबांसारखी उभी दिसली, टोकाला हिरवा झुपका तेवढा. ऐन दरवर्षी फुटतो, हे खरं. पण माणसांची घरं वाढतात आणि कवळ तोडणारे कोयतेही वाढतात. जे डोळ्यांनी पाहिलं ते नाकारून राबाची बाजू मला मांडता येणार नाही.

एकदा आईचा कोयता एका रखवालदारानं काढून घेतला. जंगलाची हद्द दाखवणारा दगड कुठे होता हे तिला माहीत नव्हतं, आणि खरं तर त्यालाही नव्हतं. बाबांनी दुसऱ्या दिवशी एक कोंबडा नेऊन दिला तेव्हा कोयता परत आला. आई त्या दिवसापासून कवळाला गेली की तोंडातून शब्द काढत नसे. लहानपणी मला वाटायचं, हे आमच्या घरचंच दुःख. पुढे कळलं की हे भांडण आईच्या जन्माआधी कितीतरी वर्षं सुरू झालं होतं.

मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ साली सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत रूळ थळ आणि बोर घाट चढून गेले. रुळांखालच्या लाकडासाठी, इंजिनांच्या सरपणासाठी आणि वाढत्या मुंबईच्या चुलींसाठी ठाण्याच्या जंगलाला एकाएकी भाव आला. जंगलाचे कायदे आले, १८६५ चा आणि त्याहून कडक १८७८ चा. सरकारी हद्द आखली गेली, आणि कालपर्यंत ज्या डोंगरावरून कवळ, गवत, लाकूडफाटा आणायचा तिथे आता परवानगी लागू लागली. जुन्या वहिवाटीत भातखाचराला जोडून वरकस जमीन असे, कारण भातशेती एकट्या खाचरावर चालत नाही. तिला गवत लागतं, राबाला कवळ लागतं. सारा ठरवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. जंगल राखणाऱ्यांना ते मान्य नव्हतं. एकाच सरकारची दोन खाती एकाच टेकडीकडे दोन नजरांनी पाहत होती.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जंगलखात्यानं डोंगर आणि गायरानं गिळल्याची तक्रार आहे. ते देशावरच्या शेतकऱ्याविषयी लिहीत होते, पण आमच्या आजा-पणजाला ती ओळखीचीच वाटली असती. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ साली जंगल आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. आयोगापुढे जे प्रश्न होते त्यात राब होता. कुठल्या झाडाच्या फांद्या तोडू द्यायच्या, कुठल्या हद्दीत, किती? या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच मोठा प्रश्न होता : राबाची खरोखर गरज आहे का, की ही अडाणी लोकांची खोड आहे?

दळीचा निकाल त्याआधीच लागत आला होता. डोंगरउतारावरचं झाडझुडूप तोडून जाळायचं आणि त्या राखेत नाचणी-वरी पेरायची, ही ठाकूर-कातकऱ्यांची शेती. दक्षिणेकडे तिला कुमरी म्हणत. ती सरकारनं मोडीत काढत आणली. रायगडात दळीच्या जमिनींचे दावे वनहक्क कायद्याखाली आपल्या काळातही चालू आहेत. राब मात्र बंद करता येईना. दळीवर मूठभर गरीब जगत होते. राबावर साऱ्या कोकणचं भात उभं होतं, आणि भातावर सारा.

म्हणून शास्त्रज्ञांना विचारायचं ठरलं. १८८० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानं राबाचे प्रयोग केले. १८८९ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन व्हेल्कर हिंदुस्थानात आले, वर्षभराहून अधिक काळ फिरले, आणि त्यांचा अहवाल १८९३ साली छापून आला. राबाचा विचार त्यातही आहे. व्हेल्करांबद्दल मला आदर आहे. हिंदी शेतकरी चांगला असला तर तो सर्वसाधारण इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, हे त्यांनी सरळ लिहिलं. खताचा प्रश्न सरपणाशी बांधलेला आहे हेही त्यांनी ओळखलं. लाकूड मिळेना म्हणून शेण चुलीत जातं. तेव्हा गावाला सरपणाची आणि चाऱ्याची राखीव जंगलं द्या, ही त्यांची मागणी होती.

पण बाबांचं वाक्य मला सापडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

त्याआधी माझी चूक सांगितली पाहिजे. १९८१ साली मी नोकरीला लागलो. प्रशिक्षण आणि भेट योजनेचे ते दिवस. पंधरवड्याला प्रशिक्षण घ्यायचं, शिकलेलं पुढच्या पंधरवड्यात गावोगाव सांगायचं. राबाबद्दल सांगायचं वाक्य ठरलेलं होतं : राब भाजल्यानं सोन्यासारखं शेण आणि पाला जळून जातो, झाडं नष्ट होतात, तेव्हा गादीवाफा करा, शेणखत घाला, युरिया द्या. मी हे माझ्याच गावात, देवळासमोर, माझ्याच आत्यापुढे सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि मग विचारलं, “बाळा, तू रोप उपटलंस कधी?”

मी म्हटलं, उपटलंय की लहानपणी.

“राबातलं उपटलंस. वाफ्यातलं उपटून बघ. मुळं तिथंच राहतात आणि हातात नुसत्या काड्या येतात. दिवसभर ओणवं राहून उपटायचं, बोटांची कातडी जाते. राबातलं रोप हात लावला की येतं. आणि तण? तुझ्या वाफ्यातलं तण कोण काढणार? त्या पावसात?”

बायका हसल्या नाहीत. त्यांना ते गमतीचं नव्हतंच. सगळ्या माझ्याकडे उत्तरासाठी बघत होत्या आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या पावसाळ्यात मी दोन्ही प्रकारचं रोप उपटून पाहिलं. आत्याचं बरोबर होतं.

काही वर्षांनी एका प्रशिक्षणासाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात गेलो होतो. दुपारच्या सुट्टीत ग्रंथालयात बसायची मला सवय. तिथे जुन्या बांधीव खंडांत १९१२ सालचा एक शोधनिबंध हाती लागला. हिंदुस्थानच्या शेतकी खात्याच्या रसायनशास्त्राच्या मालेत निघालेला, पश्चिम हिंदुस्थानातल्या भाताच्या राबपद्धतीवरचा. लेखक तिघे : हॅरल्ड मान, जोशी आणि कानिटकर. मान हे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य. पुढे १९१७ साली पिंपळे सौदागर गावाचा जमीन आणि मजुरी असा अभ्यास करून प्रसिद्ध झालेले. कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनात आयुष्य घालवणारे. मी तो निबंध उभ्यानंच वाचायला लागलो, मग जमिनीवर बसलो.

तिघांनी प्रश्नच वेगळा केला होता. तोवरच्या वादात बहुतेक जण राखेविषयी बोलत होते : राखेत किती खत आहे, तेवढं खत शेणातून देता येईल का. मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राख आणि आच वेगवेगळी तपासली. निघालं ते असं की राख हे अपुरं उत्तर आहे. खरं काम माती तापण्याचं आहे. तापलेल्या मातीची घडण बदलते, ती भुसभुशीत होते, तिच्यात अडकलेलं अन्न रोपाला घेता येईल असं मोकळं होतं. त्याच सुमाराला, १९०९ साली, इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्रात रसेल आणि हचिन्सन यांनी दाखवलं होतं की माती तापवली की तिच्यातले काही सूक्ष्म जीव मरतात, उरलेले झपाट्यानं वाढतात आणि नत्र मोकळा होतो. वरच्या पातळ थरातलं तणाचं बी आचेनं मरतं ते आणखी वेगळं.

माती भाजते. बाबांनी हेच सांगितलं होतं. वाऱ्याच्या तोंडावर आग लावायची, वर मातीचं पांघरूण घालायचं, ही सगळी धडपड राख मिळावी म्हणून नव्हतीच. राख भडक्यातूनही मिळते. आच खाली मुरावी म्हणून ती मेहनत होती. ‘रोप हात लावला की येतं’ हे आत्याचं वाक्य म्हणजे मातीच्या घडणीचीच साक्ष होती. मला राग आला तो माझ्यावर. मी जन्मायच्या पंचेचाळीस वर्षं आधी, माझ्याच भाषेची दोन माणसं ज्यात आहेत अशा तिघांनी हे लिहून ठेवलं होतं, आणि मी देवळासमोर उभा राहून बायकांना शेण वाया जातं एवढंच सांगत होतो.

वाया जातंच. तेही खोटं नाही. शेण आणि पाला जळताना त्यातला नत्र हवेत जातो. राखेत उरतो तो पालाश, चुना, सिलिका. एका दहाव्या हिश्शाच्या सुपीकतेसाठी बाकीच्या नऊ हिश्शांचं खत आणि टेकडीचा पाला जाळायचा, हा व्यवहार लोकसंख्या थोडी आणि टेकड्या दाट असताना परवडत होता. माझ्या आईच्या डोक्यावरच्या भाऱ्यांचं अंतर दरवर्षी वाढत होतं, म्हणजे तो परवडेनासा झाला होता. पण त्या व्यवहारात आग चार कामं करत होती : अन्न देणं, तण मारणं, माती मोकळी करणं, रोप सहज निघेल असं करणं. आम्ही एका कामाची बदली युरियाच्या गोणीत दिली आणि उरलेल्या तीन कामांबद्दल गप्प बसलो.

म्हणून चारसूत्री भातशेती आली तेव्हा मी पहिल्यांदा मनापासून काहीतरी सांगू शकलो. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली ही पद्धत. त्यात रोपवाटिकेच्या वाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची असते. ती माती मोकळी करते, सिलिका देते, रोपाची काडी कणखर होते. खाचरात भाताचा पेंढा आणि गिरीपुष्पाचा पाला गाडायचा, रोपं नेमक्या अंतरावर लावायची, आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध खोचायच्या. तुसाची राख पाहताच आत्या म्हणाली, “म्हणजे राबच की, गिरणीतला!” मला ते फार आवडलं. गावातल्या भातगिरणीमागे तुसाचा ढीग पडूनच असायचा. एका पावसाळ्यात आम्ही बांधाबांधांवर गिरीपुष्पाचे खुंट लावले. त्यांतले कितीतरी अजून उभे आहेत आणि पौषात जांभळट-गुलाबी फुलतात. ऐन वाचला तो जितका हद्दीच्या दगडामुळे, तितकाच या बांधावरच्या परक्या झाडामुळे.

पण राब गेला तो आमच्या सांगण्यानं, असं म्हणणं खोटं होईल. राब हात कमी झाले म्हणून गेला. पोरं कल्याण-अंबरनाथला कारखान्यांत लागली, गोठ्यातली जनावरं आठाची दोन झाली, सुना दोन टेकड्या ओलांडून कवळाला जाईनात, आणि त्यांनी का जावं? शेणच नाही आणि कवळ आणायला माणूस नाही, तर भाजायचं काय? शंभर वर्षांच्या नियमांना जे जमलं नाही ते मजुरीच्या दरानं केलं. आता नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा तंत्रानं कित्येक शेतकरी गादीवाफ्यावर थेट बी टोकतात. रोप नाही, चिखलणी नाही, आवणीही नाही. भात कापल्यावर मुळं जमिनीतच ठेवतात, त्यानं माती धरून राहते. बायकांच्या पाठीचं दुःख एवढं कमी करणारं दुसरं काही मी पाहिलं नाही. मात्र तण मारायचं जे काम आग करत होती ते तिथे तणनाशक करतं, आणि त्याचा हिशेब आपण अजून मांडायचा आहे.

दरवर्षी कार्तिकात दिल्लीच्या धुराच्या बातम्या येतात, तेव्हा मुलगा मला विचारतो, “बाबा, तुम्हीपण जाळायचात ना?” मी त्याला सांगतो, आग तीच, पण कारण पूर्ण वेगळं. पंजाबात पाणी खाली खाली जाऊ लागलं म्हणून २००९ साली कायदा झाला आणि भाताची लावणी १० जूनच्या आत करायला मनाई झाली. लावणी पुढे गेली, म्हणून कापणी पुढे गेली, आणि गव्हाच्या पेरणीला हातात उरले पंधरा-वीस दिवस. कापणी यंत्रानं होते, ते उंच खुंट मागे ठेवतं. त्या दिवसांत शेत मोकळं करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग काडेपेटी. तिथे मातीला आच द्यायची नसते, वेळ वाचवायचा असतो. पाणी वाचवणाऱ्या नियमाचा धूर झाला, आणि नियम करताना कुणाला तो दिसला नाही. तिथल्या शेतकऱ्याला दंड करून हवा सुधारेल असं ज्यांना वाटतं, त्यांना मी माझ्या आईचा कोयता दाखवीन. आणि आपल्याकडे उसाचं पाचट जाळतात ते तर सगळ्यात कमी समर्थनीय. ते कुजवता येतं, खोडव्यात आच्छादन म्हणून ठेवता येतं, पाणी वाचवतं. मी असं शेत माझ्या नोकरीत डोळ्यांनी पाहिलं आहे. या तीन आगींना एकाच नावाखाली बसवलं की तिन्हींचं उत्तर चुकतं.

आत्या जाऊन नऊ वर्षं झाली. शेत आता धाकटा भाऊ करतो. गेल्या ज्येष्ठात गावी होतो. भावाच्या सुनेनं खाचराच्या वरच्या कोपऱ्यात रोप टाकलं होतं, त्याच बारा गुंठ्यांतल्या चार गुंठ्यांत. तिथे आग लागून पंचवीस वर्षं होऊन गेली. मी तिला विचारलं, इथेच का? घराजवळ पाण्याला सोपं पडलं असतं.

ती म्हणाली, “सासूबाईंनी सांगितलं, रोप इथंच चांगलं येतं. का ते त्यांना नाही माहीत.”

मी बसलो आणि माती उकरली. शेजारच्या खाचरात ती तांबूस, चिकट. इथे वीतभर खोल काळी, आणि तिच्यात अजून कोळशाचे बारीक खडे, तांदळाएवढे. हात मनगटापर्यंत आत गेला. तिनं एक मूठ रोप उपटलं, मुळांवरची माती दोनदा पायावर झटकली, आणि मूठ माझ्या हातात दिली. मुळं पांढरी होती आणि सगळीच्या सगळी आली होती.